पडवीतला अनंत

ओल्या जांभ्या दगडाचा, भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा आणि नुकत्याच उमललेल्या अनंताचा असे तीन गंध एकमेकांत मिसळले, की माझ्या मनात आषाढ उभा राहतो आणि त्याच्यासोबत दत्ताकाका. कमरेत वाकलेले, चष्मा कपाळावर, आणि बघायचं ते पान थेट नाकाला टेकलेलं. शेजारच्या घरात राहणारे हे माझे चुलते. उभी हयात ओरोसच्या जिल्हा कचेरीत गेल्यामुळे माणसांशी मालवणी आणि कामाशी शुद्ध मराठी हा त्यांचा शिरस्ता. अनंताच्या झाडाशी ते शुद्ध मराठीत बोलत. “आपली नेमकी अडचण काय आहे?” असं त्यांनी कुंडीला अदबीने विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

अडचण होती कळ्या गळण्याची. झाड सुमनकाकीचं, तिने माहेरच्या फांदीवरून वाढवलेलं. काकी आदल्या आषाढात गेली होती. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढे तिच्याच झाडाचं फूल हवं, एवढा एकच हट्ट काकांनी धरला, आणि झाडाने नेमका त्याच वर्षी असहकार पुकारला. पानांच्या कडा करपल्या. घट्ट, हिरव्या कळ्या आशा दाखवत फुगायच्या आणि उमलण्याच्या बेताला पडवीच्या कोब्यावर टपकन पडायच्या. प्रत्येक कळीगणिक काकांचा चेहरा उतरायचा.

उपचारांत कसूर नव्हती. ताक झालं, कडुलिंबाचं पाणी झालं, दृष्ट काढून झाली. आयुष्यातले सगळे प्रश्न ओरोसला सुटतात या श्रद्धेने एक करपलेली फांदी पिशवीत घालून ते एसटीने तिथेही जाऊन आले. जुन्या सहकाऱ्यांनी ती हातोहात फिरवली, हळहळ व्यक्त केली आणि काकांना चहा पाजला. पावसाने मुळं कुजतील म्हणून कुंडी तर त्यांनी आधीच अंगणातून पडवीत घेतली होती. काकीचा एक नेम मात्र त्यांनी मोडला नव्हता. मासे धुतलेलं पाणी अनंताला घालायचं. तेवढ्यावर काकी ताटभर फुलं काढायची.

एका सकाळी कुंडीतल्या मातीवर मला पांढरा पापुद्रा दिसला. बुरशी असेल, असं मी म्हटलं. काकांनी त्यावर बोट फिरवलं आणि सरळ जिभेवर ठेवलं. मग उठून आत गेले आणि भिजत घातलेल्या खाऱ्या बांगड्यांकडे बघत राहिले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की ताजी मासळी बंद, घरोघर खारवलेली. त्या दिवसांत काकी हा नेम बंद ठेवून झाड पावसाच्या हवाली करायची. काका मात्र इतके दिवस त्याला इमानेइतबारे मिठाचं पाणी पाजत होते.

“मीठ जास्त झाला गो,” काका म्हणाले.

मला हसू आवरेना. काकांच्या रक्तदाबापायी काकी हात आखडून मीठ घालायची, आणि आमटी अळणी म्हणून काका रोज ताटावर कुरकुरायचे.

“तिच्या हातचा माका जन्मभर कमीच लागला,” ते हळूच म्हणाले, आणि माझं हसू तिथेच थांबलं.

मीठ पावसाने धुऊन निघावं म्हणून कुंडी पुन्हा अंगणात गेली. काका छत्री घेऊन तिच्या शेजारी उभे. छत्री झाडावर धरायला हात पुढे जायचा आणि ते तो मोठ्या कष्टाने मागे घ्यायचे.

श्राद्धाच्या दिवशी एकच कळी उरली होती, तीही मिटलेली. ती त्यांना तोडवेना. त्यांनी चिखलासकट अख्खी कुंडी उचलून फोटोपुढे आणली आणि भटजींना आपली सगळी मांडणी कोपऱ्यात सरकवावी लागली.

दुसऱ्या सकाळी मी पेज घेऊन गेले, तेव्हा घरभर गंध होता. फूल कुंडीतच उमललं होतं, काका त्याच्यासमोर बसले होते. पेजेत मीठ घालायला मी विसरले होते. काकांनी ती न कुरकुरता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. जन्मभर जे कमी वाटत होतं तेच माप बरोबर होतं हे कळेपर्यंत मापणारा हात घरात उरलेला नसतो. त्या हाताने लावलेला गंध तेवढा आषाढ आला की परत येतो, आणि रिकाम्या घरात आपल्या आधी जाऊन बसतो.