शिवलेली बाही

धाकट्याने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा पहिला फोन दादाला केला. "दादा, तो सदरा शिवून देशील? डाव्या बाहीचं तोंड बंद असलेला?"

दादा पेशाने शिंपी. लहानपणी तो डावरा होता आणि तापट. कुणी हसलं की डाव्या हाताने कानाखाली जाळ काढायचा. मास्तर थकले, तेव्हा आईने त्याच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीचं तोंडच शिवून टाकलं. दोन वर्षं पोर तसंच शाळेत गेलं. पुढे लिहिणं, जेवणं उजव्यावर आलं. डावेपण उरलं ते दुकानातल्या कात्रीत. ती त्याने खास डाव्या हाताची करून घेतली होती. धाकट्याला झोपवताना बाहीची गोष्ट त्यानेच सांगितलेली.

अखेर आपली गोष्ट कुणी सांगतंय म्हणून त्याने सदरा जीव ओतून शिवला.

दुपारच्या खेळाला सगळे गेले. पडद्यावर तोच सदरा, तोच मार. पण आई हाक मारत होती "छोट्या!" म्हणून. ते धाकट्याचं नाव. आणि त्या घरात थोरला भाऊ नव्हताच.

दिवे लागताच लोकांनी धाकट्याला गराडा घातला. "किती सोसलंत हो!"

"अर्धं माझं, अर्धी कल्पना," धाकटा म्हणाला. ती अर्धी कल्पना तिसऱ्या रांगेत दातओठ खात बसली होती.

शेजारीण दादाकडे वळली. "तुम्ही तेव्हा कुठे होता? भावाला सांभाळायचं नाही का?"

"पाळणा हलवत होतो त्याचा," दादा म्हणाला.

सदरा परत द्यायला गाडी दादाच्या दुकानाशी थांबली. गुडघे गेल्यापासून आई तिथे आलीच नव्हती. ती स्टुलावर बसली, सदरा मांडीवर घेतला आणि धाकट्याचा डावा हात धरला. "चुकलं रे माझं, छोट्या. एवढासा हात कोंडून ठेवला मी."

धाकटा रडू लागला. हात मात्र सोडवला नाही.

पन्नास वर्षं दादाने ज्या वाक्याची वाट पाहिली, ते भलत्याच्या पदरात पडलं होतं.

"उसव ती बाही," आई धाकट्याला म्हणाली. "माझ्यासमोर."

उसवायचं ब्लेड पुढ्यातच होतं. दादाने कात्री दिली. आपली.

धाकट्याने ती उजव्या हातात धरली. कापड पात्यांत नुसतं दुमडलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

"डाव्याने धर ना. डावरा ना तू?" आई म्हणाली.

डाव्या हातातून ती खाली पडली. दादाने उचलली, डाव्या हाताने चालवली आणि बाहीचं तोंड एका दमात मोकळं केलं.

आई त्या हाताकडे बघत राहिली. "तू होतास होय," ती हळूच म्हणाली. "तू कधी रडलाच नाहीस. विसरले बघ."

"दादा, मी तुला विचारायला हवं होतं," धाकटा हुंदके देत म्हणाला.

आईने दादाचा हात मांडीवर ओढला. अंगठ्यावरच्या घट्ट्यावरून बोट फिरवलं. "चुकलं रे माझं."

हवं ते मिळालं होतं. पण तिचा दुसरा हात धाकट्याच्या डोक्यावर फिरत होता. "उगी, उगी. तू नको रडू."

दादा त्या दुसऱ्या हाताकडे बघत उभा राहिला.