पार्किंगमधले लाल ठिपके

मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता तेव्हा मी तुमच्या समोरच असतो, पण माझी चौकशी कुणी करत नाही. एका जुन्या पांढऱ्या मोटारीचे स्टिअरिंग म्हणजे मी. तुम्हाला दिसते ते फक्त माझे गोल चाक. माझा बाकीचा देह खाली लपलेला असतो. एक लांब दांडा, पुढच्या चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारी आडवी रॅक, एक छोटा पंप, ऑइलची टाकी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या. त्यांतून लाल रंगाचे ऑइल सतत फिरत असते. माणसाने मला जरासे वळवले की पंप त्या ऑइलला दाब देतो आणि बाकीचा जोर ते ऑइल लावते. म्हणून मला पॉवर स्टिअरिंग म्हणतात. ऑइल नसेल, तर मी नुसते एक जड चाक आहे.

हे मला फार उशिरा कळले. कळल्यापासून मी भीत भीतच जगतो आहे.

कारखान्यात असताना मला भीती माहीत नव्हती. तिथल्या माणसाने मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिले आणि मान डोलावली. मग मी या शहरात आलो. अभय आणि सुलेखाताई या नवरा-बायकोच्या घरी. सुरुवातीला शेजारीपाजारी मला एका बोटाने फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "काय हलकं आहे हो!" मला ते आवडायचे. अभयने माझ्यावर मऊ काळे कव्हर चढवले. दर रविवारी तो गाडी धुवायचा, काचा पुसायचा. बॉनेट उघडून माझ्या टाकीत ऑइल किती आहे, हे मात्र त्याने कधी पाहिले नाही. मी तक्रार करत नव्हतो, म्हणून कुणी पाहतही नव्हते.

सुलेखाताई फुलंब्रीच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. हर्सूलजवळच्या आमच्या सोसायटीतून निघायचे, चौक्याचा घाट ओलांडायचा आणि फुलंब्री गाठायची, हा आमचा रोजचा रस्ता. तीन वर्षांपूर्वी त्या मोठ्या आजारातून उठल्या. त्यांच्या डाव्या काखेत शस्त्रक्रिया झाली होती. त्या हातावर जोर दिला की तो सुजायचा. डॉक्टरांनी बजावले होते, त्या हाताने ओढायचे नाही, उचलायचे नाही.

आजारानंतर त्या पहिल्यांदा गाडीत बसल्या, तो दिवस मला आठवतो. डावा हात त्यांनी माझ्यावर नुसता टेकवला आणि उजव्या हाताने मला वळवले. मी सहज वळलो. त्या हसल्या. त्या दिवसापासून त्यांच्या डाव्या हाताचे काम मी करत होतो. मला केवढा अभिमान वाटला! आणि त्याच दिवसापासून एक विचार मला सोडेना. मी दमलो तर?

या मार्चमध्ये ऊन तापू लागले, तेव्हा मला पहिल्यांदा ते जाणवले. रॅकमधून टाकीकडे ऑइल परत नेणारी माझी एक रबरी नळी आहे. इंजिनाच्या उष्णतेने इतक्या वर्षांत ती कडक झाली होती. क्लिपखाली तिला बारीक चीर पडली. एक थेंब बाहेर आला. तो नळीवरून ओघळला, रॅकवर आला, तिच्यावरून सरकत सरकत सगळ्यात खालच्या जागी पोहोचला आणि टपकन फरशीवर पडला.

सकाळी गाडी सुरू झाली की पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला. पण इंजिन गरम होताच तो थांबायचा, आणि ताई रेडिओ लावायच्या.

सोसायटीने पार्किंगमध्ये नुकत्याच पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. माझ्या पुढच्या चाकाशी त्यांवर पडलेले लाल ठिपके पहिल्यांदा दिसले ते सोसायटीचे सचिव राजेंद्र यांना. त्यांनी तिथूनच हाक मारली, "पुंडलिक! इकडं ये आधी."

पुंडलिकदादा आमचे वॉचमन. ते झाडू हातात घेऊनच आले.

"हे काय आहे? नव्या फरशीवर गुटखा थुंकतोस?"

"साहेब, तोंडात दात किती ऱ्हायले ते मोजा आन् मंग बोला. म्या कशानं चावू?"

"गुटख्याला दात कशाला लागतात? गालात ठेवला की झालं."

"तंबाखू सोडून वरीस झालं, साहेब. नातीची शपथ हाय."

"मग काय गाडी थुंकली?"

होय हो, गाडीच! मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण मला आवाज आहे तो फक्त पंपाचा, आणि तोही इंजिन चालू असेल तेव्हाच.

त्या दिवसापासून पुंडलिकदादा रोज उजाडताच बादली घेऊन यायचे आणि ठिपके घासून काढायचे. बोलणी खायला नको, एवढाच त्यांचा हेतू. ताई खाली उतरेपर्यंत फरशी लख्ख झालेली असायची. माझ्या दुखण्याची एकमेव खूण रोज सकाळी पुसली जात होती.

एकदा ताई लवकर खाली आल्या. पुंडलिकदादा गुडघ्यांवर बसून फरशी घासत होते.

"जयभीम, ताई."

"जयभीम, दादा. अजून चाललंच आहे का हे?"

"व्हय. नुसत्या पाण्यानं जात बी नाय बघा. साबण लावावा लागतो."

मित्रांनो, थुंकी पाण्याने जाते, तेल जात नाही. हे ताई दरवर्षी मुलांना शिकवतात. मी श्वास रोखून वाट पाहिली. पण त्यांना उशीर झाला होता. दार उघडता उघडता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, सवय लागली असेल तर सांगा. रागावणार नाही मी. फक्त इथं नका थुंकू."

पुंडलिकदादांनी झाडूने पाणी गटाराकडे लोटले. आम्ही निघालो. टाकीतले ऑइल तेव्हा टाकीवर आखलेल्या किमान रेघेच्याही खाली गेले होते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. प्रत्येक वळण आले की मी मनात म्हणायचो, एवढे पार पडू दे. सरळ रस्त्यावर काही होत नसे. भीती होती ती घाटाची.

त्या दिवशी ताईंच्या शेजारी प्रेरणामॅडम बसल्या होत्या. त्या त्याच महाविद्यालयात मराठी शिकवतात. मांडीवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता.

"ऐका ना सुलेखाताई, एका पोरानं लिहिलंय, 'सूर्य मावळला आणि सगळीकडे संध्याकाळ सांडली.' मार्क देऊ की फरशी पुसायला सांगू?"

ताई हसल्या. चौक्याच्या घाटातले डावे वळण समोर आले. त्यांनी मला वळवले. गाडी कलली आणि टाकीतले उरलेसुरले ऑइल एका बाजूला सरकले. पंपाने ऑइलऐवजी हवा ओढली. तो किंचाळला. माझ्यातला जोर एकदम गेला.

मी अर्ध्यात थांबलो. ताईंचा उजवा हात मला ओढत होता, पण मी दगडासारखा झालो होतो. रस्ता डावीकडे वळला, आम्ही सरळ जात राहिलो. मधली पांढरी रेघ चाकांखालून गेली. समोरून कांद्याच्या गोण्या भरलेला टेंपो येत होता. त्याचा भोंगा वाजला आणि वाजतच राहिला.

"ताई, वळवा! वळवा ना!" प्रेरणामॅडम ओरडल्या.

ताईंनी डावा हात घट्ट आवळला. ज्या हाताने ओढायचे नाही, त्याच हाताने त्यांनी मला ओढले. मी इंचाइंचाने वळलो. टेंपो इतक्या जवळून गेला की आरसा खटकन दुमडला. मग ब्रेक लागला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. पेपर सगळ्या गाडीत पसरले होते.

ताई डावा हात छातीशी धरून बसल्या होत्या. मग त्यांनी उतरून बॉनेट उघडले. टाकीच्या तळाशी थोडा लाल फेस होता. त्यांनी बोट बुडवले, दोन बोटांत चोळले, वास घेतला. पर्समधल्या बाटलीतले पाणी बोटावर ओतले. लाल रंग तसाच राहिला.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "पुंडलिकदादा."

प्रेरणामॅडमना काही कळले नाही. मला कळले.

ताईंनी गाडी पुढे नेली नाही. हर्सूलच्या गॅरेजमधून मुश्ताकभाईंना बोलावून घेतले. त्यांनी सोबत आणलेले ऑइल टाकीत भरले, स्वतः गाडीत बसले आणि मला घट्ट धरून अगदी सावकाश गॅरेजपर्यंत आणले. अभय तिथे आधीच येऊन थांबला होता. मुश्ताकभाई खाली शिरले आणि लगेच बाहेर आले.

"मॅडम, रॅक गयी समझो. पूरी गीली है."

"मोठं काम?" अभयने विचारले.

"बडा काम. और इत्ती पुरानी गाडी को नयी रॅक... सोच लो, साहब."

अभयने मान हलवली. "सुले, पुरे झालं आता. भंगारात देऊन टाकू. तू बसनं जात जा."

भंगार हा शब्द ऐकून माझ्या सगळ्या नळ्या गार पडल्या. पण खरे सांगतो, त्याहून मोठी भीती दुसरी होती. त्यांनी मला दुरुस्त केले, आणि चुकीच्या जागी दुरुस्त केले तर? नवी रॅक बसेल, चिरलेली नळी तशीच राहील, आणि पुन्हा तो घाट येईल.

"बसमध्ये उभं राहिल्यावर दांडी कोणत्या हातानं धरू, अभय?" ताईंनी विचारले. मग त्या मुश्ताकभाईंकडे वळल्या. "रॅक ओली आहे, हे खरं. पण ती रॅकमधूनच गळते कशावरून? ऑइल वरूनही ओघळलेलं असेल. आधी सगळं पुसून कोरडं करू. मग बघू, पहिल्यांदा ओलं कुठं होतं ते."

"टाइम लगेगा, मॅडम."

"लागू द्या."

मुश्ताकभाईंनी माझा खालचा सगळा भाग धुऊन, पुसून कोरडा केला. ताईंनी समोरच्या दुकानातून टाल्कम पावडरचा डबा आणला.

"ये किसके लिए? गाडी की शादी है क्या?"

"तुम्हीच करवली व्हा. लावा सगळीकडं पातळ थर. थेंब आला की पांढऱ्यावर लगेच दिसेल."

मुश्ताकभाई हसत हसत पावडर शिंपडत गेले. इंजिन सुरू झाले. ताई आत बसून मला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फिरवू लागल्या. टोकाला मात्र मला रेटून धरत नव्हत्या, कारण तसे केल्याने माझा दाब फार वाढतो. मुश्ताकभाई बॅटरी घेऊन वाकले होते. अभयही शेजारी वाकला. मी दाब द्यायचो आणि भ्यायचो. मला माझे दुखणे दाखवायचे होते, पण जास्त फाटायचे नव्हते.

"रुको, रुको!" मुश्ताकभाई म्हणाले. "रॅक तो सूखी है. ऊपर देखो, ऊपर."

परतीच्या नळीच्या क्लिपखालून एक बारीक लाल रेघ पांढऱ्या पावडरवरून खाली येत होती. ती रॅकपर्यंत पोहोचली, तेव्हा अभयने हळूच ताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

जुनी नळी निघाली. नवी नळी बसली, नवी क्लिप आवळली गेली. बाकीच्या नळ्याही त्यांनी तपासल्या. नवे ऑइल भरले. मग पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून मला पुन्हा पुन्हा फिरवले. माझ्यात अडकलेली हवा बुडबुड्यांनी टाकीतून बाहेर पडत होती. शेवटचा बुडबुडा फुटल्यावर इंजिन सुरू केले, तेव्हा पंप कण्हला नाही.

संध्याकाळी सोसायटीत शिरताच ताईंनी राजेंद्रसाहेबांना खाली बोलावले. पुंडलिकदादांच्या समोर त्यांनी जुनी नळी साहेबांच्या हातात दिली. साहेबांची बोटे लाल झाली.

"धुवा आता पाण्यानं," ताई म्हणाल्या.

राजेंद्रसाहेब नळाखाली हात चोळत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "पुंडलिक, चुकलंच माझं."

"तुमचं जाऊ द्या, साहेब. तुमी तर रोजच वरडता." पुंडलिकदादा ताईंकडे वळले. "पर ताई, तुमी बी म्हनलात. ते लागलं बघा."

ताईंचे डोळे भरून आले. "माफ करा, दादा. मी विचारलं नाही, धरून चालले."

"आवं, सोडा आता." त्यांनी ताईंच्या सुजलेल्या हाताकडे पाहिले. "हात लई दुखतोय का?"

काही दिवसांनी सूज उतरली आणि आम्ही पुन्हा घाटात आलो. त्या वळणावर ताईंनी मला दोन्ही हातांनी आवळून धरले. त्यांचे तळवे घामाने ओले होते. मीही तितकाच घाबरलो होतो. पण मी वळलो. परत येताना वळलो, दुसऱ्या दिवशी वळलो. हळूहळू त्यांचा डावा हात सैल पडला आणि पूर्वीसारखा नुसता टेकू लागला.

काल त्याच वळणावर प्रेरणामॅडमनी काहीतरी गंमत सांगितली, आणि ताई हसता हसता एका हाताने मला वळवून पुढे निघून गेल्या. ते वळण गेले, हे त्यांच्या लक्षातही आले नाही. मला हायसे वाटले. आणि लगेच जुनी भीती परत आली. मित्रांनो, मागच्या वेळीही सगळे असेच सुरू झाले होते. मी बिनबोभाट काम करत होतो, आणि सगळे मला विसरले होते.

नवी नळीही रबराचीच आहे. तीही कधीतरी कडक होईल. मला घसा नाही, हाक मारता येत नाही. म्हणून आज घरी गेलात की तुमच्या गाडीखाली एकदा वाका. एखादा डाग दिसला तर तो पुसण्याआधी कुणाचा आहे ते शोधा. आणि कोरडे असले, तरी उद्या पुन्हा वाका.