निम्मा समुद्र

आमच्या घरात माणसांपेक्षा हिरडा जास्त होता. पुढे पेढी, मागे वखार, आणि या दोन्हींच्या मधे जी जागा उरली तिला आम्ही घर म्हणायचो. लोणावळ्याच्या बाजारात गफूरभाऊ हिरडेवाले कुठे म्हणून विचारलं, की कुणीही आमच्या दारात आणून सोडायचं. आंदर मावळातले लोक डोंगरातून हिरडा गोळा करून आणायचे. अब्बा तो वाळवून, निवडून, पोत्यांत भरून मुंबईला धाडायचे आणि तिथून तो आगबोटीने कराचीला जायचा. कातडी कमावायला हिरडा लागतो. कराचीत तो उतरवून घेणारे अडत्ये होते नूरमहंमद, मूळचे राजापूरकडचे. वर्षानुवर्षं माल गेला, माल पोचला, भरवसा बसला, आणि मग मालाच्या मागोमाग मीही गेले. नूरमहंमदांच्या मेहबूबशी माझा निकाह झाला तेव्हा लोणावळा आणि कराची ही एकाच मुलखातली दोन गावं होती.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ती सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात. मेहबूब स्वतः आणून सोडून गेला. तोवर एका देशाचे दोन झाले होते, पण बोटीत बसायला तिकिटाशिवाय काही लागत नव्हतं. थंडी सरता सरता मुलगा झाला, चाळिसावं न्हाणं झालं, पोर मान धरू लागलं आणि मी जायची तयारी करून बसले. बसले ती बसलेच.

त्याचं कारण सांगायलाही मला लाज वाटते. आमच्याकडे पहिलटकरणीला न्यायला सासरचं माणूस येतं. बाळाला झबलं, तिला लुगडं घेऊन येतं आणि मानाने घेऊन जातं. माझ्या सासऱ्यांच्या घरची रीत नेमकी उलटी. त्यांच्यात माहेरच्यांनीच लेकीला आणि नातवाला पोचवायचं असतं आणि सासरच्यांनी दारात उभं राहून उतरवून घ्यायचं असतं. अब्बांनी लिहिलं, न्यायला या. सासऱ्यांनी लिहिलं, पोचवायला या. बस, एवढंच. त्यानंतर दोघांनीही या विषयावर शब्द काढला नाही. पत्रं मात्र दर आठवड्याला चालू होती. आधी सलाम, मग हिरडा, हिरड्यात ओल किती, खडे किती, भाव काय, आणि शेवटी ‘बाकी सर्व खुशाल’. त्या बाकीत मी आणि माझं पोर होतो.

मी जन्माची उतावळी. कडेवर पोर घेऊन पेढीपासून मागच्या दारापर्यंत माझ्या येरझारा चालायच्या. घाट चढून आलेली गाडी स्टेशनात शिरली की माझे पाय आपोआप पुढच्या दाराकडे वळायचे. मी टाचा उंचावून बघायची. रस्त्याने हवापालटाला आलेले शेटजी आणि त्यांच्या ट्रंका वाहणारे हमाल येताना दिसायचे, की पुन्हा आत.

“पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?” अम्मा म्हणायची. “जरा बूड टेक. त्या पोराला तरी वाटू दे, आपण घरात आहोत.”

“कुठल्या घरात ते एकदा ठरवा, म्हणजे टेकते,” मी म्हणायची.

अम्मा, म्हणजे रोशनबी, माझ्यासारखी नव्हती. ती कमी बोलायची आणि तिचं बोलणं कुणी मोडत नसे. तिचा एक नेम होता. मी सासरी निघाले की माझी एखादी वस्तू ती मुद्दाम मागे ठेवून घ्यायची. निकाहानंतर पहिल्यांदा निघाले तेव्हा माझं हिरवं पोलकं तिने दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवलं. दुसऱ्या खेपेला शिंगाचा कंगवा ठेवून घेतला. सगळंच्या सगळं बांधून दिलं, की लेकीला परत यायला काही निमित्तच उरत नाही, असं तिचं म्हणणं. मी तिची थट्टा करायची. “अम्मा, चांगला कंगवा गेला माझा,” म्हणायची. ती नुसती हसायची आणि खुंटीवरचं पोलकं झटकून परत अडकवायची.

त्या मार्चपासून हिरड्यावर जकात बसली. पोत्यांवर नवा शिक्का आला, नव्या सह्या आल्या. “डोंगरातला हिरडा बघा, परदेशी निघालाय,” अब्बा कुरकुरायचे. पण कुरकुरत का होईना, पोती जात होती. ती उतरल्याची तार येत होती. माझ्यासाठी कुणी तार करत नव्हतं.

जुलैत मेहबूबचं पत्र आलं. वडील काहीही म्हणोत, मी येतो, असं त्याने लिहिलं होतं. मी ते पत्र पोराला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला दात येत होते, त्याने ते चावायला घेतलं. आणि त्याच आठवड्यात पेपरात आलं, की पाकिस्तानातून इकडे येणाऱ्याला आता परमिट लागणार. मेहबूब कचेरीच्या रांगेत उभा राहिला. आज या, उद्या या. उद्या गेलं की साहेब नाहीत.

मला इतका संताप आला, की कुणावर काढावा ते समजेना. एप्रिलमध्ये नुसतं तिकीट काढून येता आलं असतं. मेमध्ये आलं असतं, जूनमध्येही आलं असतं. दोन म्हातारे आपापला मान सांभाळत बसले आणि तेवढ्यात समुद्राला दार बसलं. मी अब्बांना तसं तोंडावर म्हणाले. त्यांनी पोराला माझ्या कडेवरून घेतलं आणि ते पेढीवर जाऊन बसले. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी त्यांच्या मांडीवर पोर असायचं. हिरड्याने काळी झालेली त्यांची बोटं ते पोर मुठीत धरून ठेवायचं. मला हळूहळू संशय यायला लागला होता, की मान वगैरे सगळं तोंडी लावायला आहे. त्यांना मला पाठवायचंच नाही. तो संशय आल्यावर मला त्यांच्यावर रागावणंही धड जमेना, आणि मी आणखीच चिडचिडी झाले.

गौरी-गणपती झाले आणि मुंबईहून अब्बांना बातमी आली. बोटीच्या एजंटाचा कारकून सांगत होता, की आता कराचीवालेही इकडून जाणाऱ्यांना परमिट लावणार. महिनाभरात, कदाचित त्याच्या आधीही. मग मालालाच काय तो रस्ता राहील. अब्बांनी ही बातमी अम्माला सांगितली, मला नाही. अम्माने मला सांगितली.

त्या दिवशी मावळातल्या वडेश्वर गावाहून दत्तोबा आला होता. अब्बांचा जुना माणूस. माळ्यावर उरलेला हिरडा त्याने गाडीत घालून आणला होता. वखारीच्या दारात अब्बा दाभणाने पोत्यांची तोंडं शिवत होते आणि एक हमाल त्यांच्यावर शिक्का मारत होता. मी पोराला घेऊन त्या सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

“अब्बा, ह्या पोत्यांना न्यायला कोण आलंय?” मी विचारलं.

हमालाचा हात थांबला. अब्बांनी वर बघितलं नाही.

“पोत्यांना कशाला कोण येईल?” ते म्हणाले.

“मग ती कशी निघाली?”

“पोत्यांना मान नसतो, मुमताज.”

“तर मलाही नको. ह्यांच्याबरोबर मलाही चढवा. मला माझ्या घरी जायचंय. ह्या पोराला बाप आहे, आणि त्याने अजून बापाचं तोंड पाहिलेलं नाही.”

चारचौघांत रडायची मला चीड होती, म्हणून मी पोराचा गळपट्टा उगाच सोडून पुन्हा बांधला. दत्तोबा बैलांना पेंढा टाकत होता, तो हात झटकत आला.

“गफूरभाऊ, एक सांगू का? पंचमीला माझी लेक झुंबर आलती. जावई न्यायला आला तर आंद्रा नदीला ह्ये पानी. त्यो त्या काठाला, आमी ह्या काठाला. त्यो म्हनतोय घिऊन या, मी म्हनतोय तू ये की. लय वरडलो एकमेकांवर. तवर पोरगीच उतरली पान्यात. मंग काय करनार? आमी हिकडून पळालो, त्यो तिकडून. निम्म्या नदीत गाठ पडली. निम्मं पानी आमचं, निम्मं त्येचं. झालं.”

“दत्तोबा, हितं समिंदर हाय,” अब्बा म्हणाले.

“मंग निम्मा समिंदर,” दत्तोबा म्हणाला आणि पुन्हा बैलांकडे गेला.

अब्बांनी ते पोतं शिवून पुरं केलं. मग दुसरं ओढलं. रात्री जेवता जेवता अम्माला म्हणाले, “ट्रंक काढ तिची. माल जातोय त्याच बोटीचं तिकीट बघतो.”

मला तर पंख फुटले. मी किती घाई केली, काय सांगू! धुतलेले कपडे ओलेच घडी घालायला निघाले. अम्माने ते माझ्या हातातून काढून घेतले, “तू पोराकडे बघ, ट्रंक मी भरते,” म्हणाली. लाडू केले, पोराची घुटी उगाळून बाटलीत भरली. निघायच्या दिवशी उजाडल्यापासून शेजारणी येऊन डोळे पुसत होत्या, अब्बा कारण नसताना हमालांवर ओरडत होते, आणि अम्मा तेवढी शांत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. मला जरासं लागलंच ते. मनात म्हटलं, ईदला आले की हिला चांगली छेडते, की तुला काही माझं जाणं जड गेलं नाही.

निघायच्या आधी मला काय वाटलं कोण जाणे. घाईत या वेळी ती काही ठेवून घ्यायला विसरेल, म्हणून मीच पोराचं तांबडं टोपडं काढलं आणि दारामागच्या खुंटीला, तिच्या नजरेस पडेल असं अडकवलं. म्हटलं, पोलक्याच्या जोडीला राहील. अम्माने माझी ओटी भरली, पोराच्या गालाला काजळाचं बोट लावलं. टांगा वळेपर्यंत ती दारात उभी होती.

मुंबईला गोदीवर अब्बा माझ्याबरोबर आले. आमची पोती वर चढत होती. शिडीच्या तोंडाशी बसलेल्या कारकुनाला अब्बांनी हळूच विचारलं, की नातवाला पोचवून पुढच्याच बोटीने परत येता येईल का. कारकून म्हणाला, जायला आज कुणी अडवणार नाही म्हातारबा, पण परत यायला परमिट लागेल, आणि ते कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही. मग अब्बांनी रांगेतल्या एका बाईला गाठलं, तीही एकटीच होती, आणि माझ्याकडे लक्ष ठेवा म्हणून तिला दोनदा सांगितलं. पोर माझ्याकडे दिलं. पोराने त्यांचं बोट सोडलं नाही, तेव्हा त्यांनी ते हळूच सोडवून घेतलं.

“मेहबूबला सांग,” ते म्हणाले, “मी पोचवायला आलो नव्हतो. माल चढवायला आलो होतो.”

“सांगते,” मी म्हणाले. मला हसू आलं आणि रडूही आलं.

बोट सुटली. गोदीवरच्या गर्दीत मला अब्बांची टोपी बराच वेळ दिसत होती, मग कुठली त्यांची ते कळेना. तरी मी खुशीत होते. एवढ्या महिन्यांनी पायाखालची जमीन एकदाची हलली होती. पुढे कराची होती, मेहबूब होता. निम्मा समुद्र झाला की आपल्या बाजूचं पाणी लागेल, असं मी पोराच्या कानात सांगितलं.

वारा भन्नाट सुटला होता. पोराने दुपटं ओलं केलं, म्हणून कोरडं काढायला मी ट्रंक उघडली. सगळ्यात वर माझं हिरवं पोलकं होतं. इतकी वर्षं खुंटीवर राहून त्याच्या खांद्याला खुंटीचा आकार आला होता. त्याच्याखाली शिंगाचा कंगवा होता. त्याच्याखाली मी लहानपणी दूध प्यायची ती कानाची वाटी, माझी भातुकली बांधलेला रुमाल, शाळेतली पाटीसुद्धा. मी एकेक वस्तू मांडीवर काढत गेले. त्या घरात माझं म्हणून जे जे होतं, ते सगळं अम्माने बांधून दिलं होतं.

तळाशी, दुपट्यांच्या मधे, पोराचं तांबडं टोपडं होतं. मी दारामागे अडकवलेलं. तिने ते पाहिलं होतं, खुंटीवरून काढलं होतं आणि मी टांग्यात चढायच्या आत नीट घडी घालून परत पार तळाशी सरकवलं होतं.

मी उठून कठड्याशी गेले. मागे नुसतं पाणी होतं. बरोबरच्या बाईने विचारलं, काही विसरलं का मागे?

“नाही,” मी म्हणाले, “काहीच राहिलं नाही.”

पोराचे कान वाऱ्याने गार झाले होते. मी ते टोपडं त्याच्या डोक्यावर घातलं आणि हनुवटीखाली बंद बांधले.