बंद खोलीतली खुर्ची

घरात तिला बारकी म्हणत आणि मावशीच्या कार्यालयात काहीच म्हणत नसत. "त्या टिपणवाल्या मॅडमना विचारा," एवढ्यावर काम भागायचं. मावशी खासदार होती, परराष्ट्र व्यवहारांच्या समितीवर होती, आणि समितीत ती जे काही बोले ते आदल्या दिवशी बारकीने लिहून दिलेलं असे. जगाच्या नकाशावर मावशीला स्वतःचा मतदारसंघ तेवढा नेमका सापडायचा. पण बोलणं असं ठसक्यात, की लिहिणारीलाही वाटावं, छे, हे आपल्याला कुठलं सुचायला!

दोघींचं नातं कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. "भाचीला चिकटवलं म्हणतील लोक. तुझ्या हुशारीला उगाच बट्टा," असं मावशीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून दारातून आत शिरलं की मावशीची मॅडम व्हायची आणि 'तू'चं 'तुम्ही'. बारकीला त्याचं काही वाटत नसे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणार म्हटल्यावर बाकीच्या नातेवाइकांनी "म्हणजे निवडणुकीला उभी राहणार का गं?" एवढंच विचारून हात झटकले होते. मावशी मात्र म्हणाली होती, "शीक. आपल्या घरात एकीला तरी जग कळू दे." माय मरो पण मावशी जगो, असं बारकी आईच्या तोंडावर म्हणायची आणि आई हातातलं फडकं फेकून मारायची.

मागच्या वर्षी एक मोठी संधी आली आणि गेली. एका निवृत्त राजदूत बाईंची संस्था होती. भांडणाऱ्या दोन देशांना एका टेबलाशी बसवायचं, हे तिचं काम. त्या बैठकांत टिपणं घ्यायला आणि मसुदे करायला त्या दरवर्षी एकदोन तरुण माणसं निवडत. बारकी लेखी परीक्षेत पहिली आली, मुलाखत संस्थेतल्या दुसऱ्या दोघांनी घेतली, तीही झकास झाली, आणि मग दोन ओळींचा नकार आला. कारण दिलेलं नव्हतं. मावशीच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती हमसून हमसून रडली. मावशीने तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "फुटक्या नशिबाची संस्था! तू माझ्याजवळ आहेस ना, बस झालं."

आज त्या राजदूत बाई बारकीच्या जुन्या कॉलेजात, व्यासपीठावर, तिच्यापासून दोन खुर्च्या पलीकडे बसल्या होत्या. विषय होता 'राज्यशास्त्र शिकून पुढे काय?' मधल्या खुर्चीवर मावशी, आणि कडेला, 'आपल्याच कॉलेजची माजी विद्यार्थिनी, सध्या खासदार मॅडमच्या कार्यालयात' म्हणून बारकी. सभागृह गच्च भरलं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, कार्यक्रम संपला की बाईंना गाठायचं आणि यंदा पुन्हा अर्ज करू का, एवढं विचारायचं. भीक नव्हे, नुसता प्रश्न.

एका मुलाने उभं राहून विचारलं, "मॅडम, तुमच्या संस्थेत निवड नेमकी कशावर होते?"

"गुणांवर तर होतेच," राजदूत बाई म्हणाल्या. "पण शेवटी मी स्वतः एक फोन करते. उमेदवार जिथे काम करतो तिथल्या वरिष्ठांना. एकच प्रश्न विचारते: या माणसाला तुम्ही बंद खोलीत बसवाल का? आमचा सगळा धंदा बंद खोलीतला. तिथे ऐकलेलं बाहेर गेलं की बोलणी मोडतात आणि माणसं मरतात. बाकी सगळं शिकवता येतं हो. तोंड मिटून बसणं नाही शिकवता येत."

मुलं वह्यांत लिहू लागली. बाई रंगात आल्या.

"मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. या मॅडम समोर आहेत म्हणून मुद्दाम सांगते. यांच्याच कार्यालयातल्या एका मुलीचा अर्ज होता. काय उत्तरं होती! मी नाव कधी बघत नाही, आमच्याकडे शेवटपर्यंत नुसता क्रमांक असतो. मी यांना फोन केला. तुमच्याकडच्या त्या मुलीला बंद खोलीत बसवाल का? यांनी क्षणभर थांबून स्वच्छ सांगितलं, नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या कुणी गोडगोड बोलून ब्याद माझ्या गळ्यात मारली असती. असे वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं."

टाळ्या पडल्या. बाई बारकीकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "आणि ही तिच्या जागी आलेली दिसते. हिरा निवडलात हो!"

मावशी हसली. दुरुस्त करायला तिच्याकडे भरपूर वेळ होता. तिने पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश प्यायली.

बारकीला आधी काहीच कळलं नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. तोंडात तीळ भिजत नाही! गेल्या निवडणुकीत मावशी कुणाशी चोरून बोलत होती, कुठल्या सहीला हात थरथरला होता, कोणता मंत्री तिच्यासमोर रडला होता, यातलं एक अक्षर तिने आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. आई खोदून खोदून विचारायची, आणि ही "मला काय माहीत" म्हणून भाजी निवडत बसायची. तिच्यात दुसरा कुठला दोष काढला असता तर तिने मानलाही असता. मावशीने नेमकं हेच काढावं? आणि त्याच खांद्यावर आपण रडलो, याची तिला शिसारी आली.

माइक तिच्या हातात आला. ती बोलली. परराष्ट्र सेवेची परीक्षा एवढी एकच वाट नाही, संशोधन संस्था असतात, वर्तमानपत्रं असतात, दुसऱ्या देशांतल्या निवडणुका बघायला जाणारी पथकं असतात, नेत्यांची कार्यालयं असतात. एखादी परकी भाषा शिका, आणि एकाच देशाचा इतका अभ्यास करा की तिथल्या पालिकेचे वादही तुम्हाला पाठ हवेत. आवाज कापला नाही. मुलं खूश झाली. आपण किती छान खोटा चेहरा घेऊन उभं राहू शकतो, हे तिला त्या दिवशी समजलं.

पडद्यामागच्या खोलीत मोडकी बाकं रचलेली होती. तिथे तिने मावशीला गाठलं.

"तू असं सांगितलंस?"

"हळू बोल."

"माझ्याबद्दल? तू?"

"हे बघ, बारके," मावशी तिचा दंड धरून म्हणाली, "ते वर्ष निवडणुकीचं होतं. तू गेली असतीस तर मी समितीत काय बोलले असते, डोंबल? त्यांना नाही म्हणायला काहीतरी कारण द्यायला नको? अभ्यासात कच्ची म्हटलं असतं तर पटलं नसतं. तोंडाला आलं ते बोलून गेले."

"मला सांगायचंस. थांब म्हणाली असतीस तर थांबले असते."

हे मात्र मावशीला लागलं. तिने दंड सोडला. मग बारकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "चुकलं माझं. आत्ता बाई येतील, मी बघते सगळं."

आणि बारकीने विश्वास ठेवला. इतकं होऊनही ठेवला, कारण जन्मभराची सवय एका दुपारी सुटत नाही.

राजदूत बाई आल्याच. थेट बारकीपाशी येऊन म्हणाल्या, "तुझं बोलणं फार आवडलं मला. आमच्याकडे यंदा एक जागा निघतेय. अर्ज कर. फोनबिन नंतर कशाला, तुझ्या मॅडम इथेच आहेत. काय हो, हिला बसवाल का बंद खोलीत?"

एका शब्दाचं काम होतं. बारकीने मावशीकडे पाहिलं. मावशीने बारकीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग बाईंकडे.

"पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे," मावशी म्हणाली. "मी विचार करून कळवते."

 बारकीने एवढी वर्षं दाताखाली धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"ती मुलगी मीच आहे, बाई! मागच्या वर्षीची. माझ्या जागी कुणी आलेलं नाही. मी कधी काही फोडलं नाही, यांनी मला सोडायचं नाही म्हणून तसं सांगितलं. आणि ह्या नुसत्या मॅडम नाहीत, माझ्या सख्ख्या मावशी आहेत. आईची धाकटी बहीण. कार्यालयात लपवून ठेवलंय आम्ही. आता तरी पटेल ना तुम्हाला, ह्या मला का सोडत नाहीत ते?"

तिला वाटलं, नातं कळलं की सगळं उलगडेल. राजदूत बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी मावशीकडे नीट पाहिलं.

"सख्खी भाची?"

मावशीने होकाराने मान डोलावली. खोटं बोलायची गरजच पडली नाही.

"मी आयुष्यभर लोकांच्या शिफारशी ऐकल्यात," बाई बारकीला म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. "मावश्या, मामा, काका, सगळे आपल्या माणसाला डोक्यावर घेतात. आपल्याच भाचीला नको म्हणणारी मावशी मला आजवर भेटली नव्हती. असं कुणी उगाच सांगत नाही, बाळा. आणि तुम्ही दोघींनी मिळून लपवलेली गोष्ट आत्ता तू मला, एका परक्या बाईला, उभ्या उभ्या सांगितलीस."

बारकीने तोंड उघडलं आणि मिटलं. आता काहीही बोललं तरी ते बोलणंच होणार होतं.

राजदूत बाईंनी मावशीचा हात दोन्ही हातांत घेतला. "किती जड गेलं असेल तुम्हाला तेव्हा," त्या म्हणाल्या.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, आणि बारकीला सहन झालं नाही ते नेमकं तेवढंच.