पाहुण्यांचा कंट्रोलर

मी एक जुना कंट्रोलर आहे, मित्रांनो, आणि त्यातही दुसरा. दुसरा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. गेम खेळायचं मशीन घरी आणलं की त्याच्या खोक्यात एक कंट्रोलर असतोच. तो पहिला, घरातल्या मुलाचा. दुसरा वेगळा विकत घ्यावा लागतो. तो कोणासाठी? जो त्या घरात राहत नाही त्याच्यासाठी. मी पाहुण्यांसाठी जन्मलो.

जन्म कारखान्यातला. एका लांब पट्ट्यावर माझ्यासारखे कितीतरी जण पालथे पडून पुढे सरकत होते. एका बाईंनी मला उचललं, अंगठ्यांखालच्या माझ्या दोन्ही दांड्या गरागरा फिरवल्या, सगळी बटणं दाबून पाहिली आणि "हं" म्हणून बाजूला ठेवलं. ती माझी पहिली शाबासकी. इतक्या लहानपणी कौतुक झाल्यामुळे की काय, आपण अगदी सरळ आहोत अशी माझी समजूत होऊन बसली.

मला घरी आणलं ते आईने. तिच्या मुलाला सगळे भुंगा म्हणतात, कारण खेळताना तो स्वतःशीच गुणगुणत असतो. "मशीन एकट्याने खेळायला नाही घेतलेलं," आई त्याला म्हणाली. "कोणाला तरी बोलाव. नाहीतर भिंतीशी बोलायला लागशील." आईचा स्वभाव काळजीचा. स्वयंपाकघरात असली तरी तिचा एक कान बाहेरच्या खोलीत असतो. मुलांचा आवाज चढला तरी तिच्या जिवाला घोर, आणि आवाज बंद झाला तर त्याहून जास्त.

पहिल्याच दिवशी तिने नियम घालून दिला. "हा पाहुण्यांचा. तू याला हात लावायचा नाहीस, चिकट करून ठेवशील. येणाऱ्याच्या हातात स्वच्छ वस्तू जायला हवी." भुंग्याने मान डोलावली आणि नियम इमानाने पाळला. त्याने मला कधी धरलंच नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, मित्रांनो. नियम चांगल्या मनाने केलेला होता, म्हणूनच त्याच्यात काही खोट असेल असं कोणालाच वाटलं नाही.

माझी पाहुणी म्हणजे पेन्सिल. खालच्या मजल्यावरची, भुंग्याच्याच वर्गातली. उंच आणि सडपातळ, म्हणून पेन्सिल. तिचे तळवे उबदार असायचे. शर्यत सुरू व्हायची वाट बघताना ती माझ्या पाठीवर नखांनी टकटक वाजवायची, आणि जिंकली की मला हलकेच थोपटायची, जसं काही मीच पळून आलो होतो. सोफ्याच्या एका टोकाला भुंगा, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये बिस्किटांची ताटली. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग पेन्सिलच्या घरीही मशीन आलं. दुसऱ्या कंपनीचं. आमचं मशीन उभं ठेवतात, त्यांचं आडवं. सुरुवातीला एवढाच फरक होता. पण शाळेत तोवर दोन तट पडलेले होते, उभेवाले आणि आडवेवाले. डब्याच्या सुट्टीतसुद्धा म्हणे ते वेगळे बसायचे. ऐकून मी चक्रावलो. मशीन टीव्हीखाली पडून असतं, मग मुलांनी वेगळं का बसायचं?

बरं, मुलांचं एक वेळ सोडा. भुंग्याचा मामा दातांचा डॉक्टर. चांगला मिशीवाला माणूस. रविवारी बहिणीकडे यायचा आणि सोफ्यावर बसून तासन्‌तास मोबाईलवर अंगठे बडवायचा.

"कोणाशी बोलतोयस रे एवढा?" एकदा आईने विचारलं.

"बोलत नाहीये, ताई. उत्तर देतोय. एक आडवेवाला अक्कल पाजळतोय."

"ओळखीचा आहे का?"

"छे! कुठला कोण, देव जाणे."

"मग त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"अगं, आपल्या मशीनला डबडं म्हणाला तो!"

"आपल्या?" आई हातातली सुरी तशीच धरून दारात आली. "तुझा कारखाना कधी निघाला?"

भुंगा खो खो हसला. पण हसता हसता त्याने 'डबडं' हा शब्द उचललाच. दुसऱ्या दिवसापासून आडवेवाल्यांचं मशीन डबडं आणि आमचं 'आपलं'. कुठेतरी आमच्या मशीनचा खप वाढला की तो ओरडायचा, "आपण जिंकलो!" त्या वेळी मी खणात पडलेलो असायचो. आपण नेमकं काय जिंकलो हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आणि मग ती दुपार आली. सुट्टी लागली होती. पेन्सिल वर आली, मला हातात घेतलं, गाड्यांची शर्यत सुरू झाली. तिची गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे सरकली आणि भिंतीला घासली. तिने मागे घेतली. पुन्हा भिंत.

"ही गाडी आपोआप डावीकडे जातेय," ती म्हणाली.

"गाडीला कशाला नावं ठेवतेस? तुम्हा आडवेवाल्यांना डबड्याची सवय ना!"

"अरे, खरंच जातेय. तुझा दे बघू मला."

"माझा नाही देणार. माझ्यात माझं सेटिंग आहे." कसलं आलंय सेटिंग! पण आता तो इरेला पेटला होता.

"मग हा तू घे."

"तो पाहुण्यांचा आहे. मी घेत नाही."

पेन्सिलने मला उलटंसुलटं करून बघितलं. "मुद्दाम देतोस ना मला हा?"

"हरली की रडायचं! आडवेवाले सगळे असलेच."

तिने मला सोफ्यावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. आणि ती निघून गेली.

मी गोंधळून पडून राहिलो. डावीकडे? मी तर कुठेच झुकलो नव्हतो. अंगठा नेईल तिकडे जायचं, एवढंच मला येतं. तिलाच डावीकडे जायचं असेल, असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी भुंग्याने आईच्या मोबाईलवरून वर्गाच्या ग्रुपवर त्या शर्यतीचा व्हिडिओ टाकला. मशीन असे व्हिडिओ आपणहून साठवून ठेवतं. वर लिहिलं, 'आडव्यांची चॅम्पियन! सरळ रस्त्यावर भिंत शोधते!' ग्रुपवर हसण्याचा नुसता पूर आला. भुंगाही हसत होता. पण मला जाणवलं, त्याचं गुणगुणणं बंद झालं होतं.

त्यानंतर मी खणात. सोबतीला संपलेले सेल, मोजपट्टी आणि कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या. खणाच्या फटीतून जेवणाचं टेबल दिसायचं आणि तिथलं बोलणं ऐकू यायचं.

"पेन्सिल बऱ्याच दिवसांत आली नाही रे," आई म्हणाली.

"अभ्यास असेल तिला."

"सुट्टीत?"

भुंग्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. आईने त्याच्या ताटात भात वाढला. मग सावकाश म्हणाली, "आज लिफ्टमध्ये भेटली होती. मी म्हटलं, येत का नाहीस गं? तर म्हणाली, काकू, तुमच्याकडे मी हरते, आणि मग ते सगळ्यांना कळतं. सगळ्यांना म्हणजे कोणाला रे?"

भुंगा मान खाली घालून जेवत राहिला. आईने पुन्हा विचारलंही नाही. पण त्या दिवशी तिने आपल्या मोबाईलवर वर्गाचा ग्रुप उघडून बघितला आणि भांडी फार जोरात घासली.

मग एक दिवस भुंग्याच्या हातून दुधाचा पेला पहिल्या कंट्रोलरवर कलंडला. पहिला गेला वाळायला, खिडकीत. भुंग्याने खण उघडला.

"पाहुण्यांचा आहे तो," कपड्यांच्या घड्या घालता घालता आई म्हणाली.

"पाहुणे येतायत कुठे?" तो पुटपुटला. 

आयुष्यात पहिल्यांदा भुंग्याने मला धरलं. शर्यत सुरू झाली. गाडी डावीकडे, भिंत. पुन्हा डावीकडे, पुन्हा भिंत. त्याने अंगठा दाबून मला उजवीकडे रेटलं, तरी सैल सोडताच गाडी भिंतीशी लगट करायला तयार. शेवटी वैतागून त्याने मला टेबलावर ठेवून दिलं, आणि तेव्हा ते दिसलं. मला कोणी हात लावलेला नव्हता, तरी पडद्यावरची गाडी शांतपणे, आपल्याच तालात, डावीकडे वळत होती.

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल! मी सरळ उभा होतो. मला तसंच वाटत होतं. आणि पडदा काही वेगळंच सांगत होता.

"उभेवाल्यांनाही भिंत आवडते वाटतं," आई घडीवरून हात फिरवत म्हणाली.

"आई, हा आपोआप जातो गं!"

"कधीपासून?"

"मला काय माहीत? मी कधी धरलाच नाही ना!"

बोलून गेला आणि स्वतःच थबकला. आईच्या हातातली घडी अर्धवट राहिली. नियम तिचा होता ना. ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तो व्हिडिओ काढून टाकतो मी," बऱ्याच वेळाने भुंगा म्हणाला.

"टाक काढून. पण ज्यांनी बघितलाय, त्यांच्या डोक्यातून कसा काढशील?"

भुंग्याने विचार केला. मग मला पुन्हा उचललं आणि मुद्दाम एक अख्खी शर्यत माझ्याबरोबर खेळला. भिंती, खांब, कठडे, एकही सोडला नाही. तो व्हिडिओ त्याने ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'तोच कंट्रोलर. या वेळी मी. ती खरं सांगत होती, मी ऐकलं नाही.'

आता तरी कौतुक होईल, असं मला वाटलं. कसलं काय! कोणी त्याला फितूर म्हटलं, कोणी आडव्यांचा हेर. व्हिडिओ फिरत फिरत मामापर्यंत पोचला आणि त्याचाही फोन आला. "अरे, आपलाच कंट्रोलर बिघडतो हे जगजाहीर कशाला केलंस? आयतं कोलीत दिलंस त्यांच्या हातात!"

"मामा, तू रविवारी येतोयस ना? मग दुरुस्त करून दे," भुंगा म्हणाला आणि फोन ठेवला.

मी वाकडा आहे हे खरं. खरं सांगणारा फितूर कसा, आणि कोणाला फितूर? मला उलगडा झाला नाही.

भुंगा मला घेऊन खाली गेला. पेन्सिलनेच दार उघडलं. अर्धंच.

"हा डावीकडे जातो," भुंगा म्हणाला.

"मला माहितीये."

"मला नव्हतं माहीत."

"मी सांगितलं होतं."

"हो." तो पायाने पायपुसणं सरळ करत राहिला. "मुद्दाम नव्हता दिला."

"बरं. आणि व्हिडिओ?"

माझ्याभोवतीचा त्याचा हात घामेजला. "तो मुद्दाम टाकला. चुकलं माझं."

 दार बंद होणार असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "आमचाही एक बिघडलाय. सारखा वरच बघत बसतो." आणि जरा थांबून, "तुझा मामा रविवारी येतो ना? पण मी खेळायला येणार नाहीये हां. फक्त कंट्रोलर घेऊन येईन."

रविवारी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. मामाने कपाळाला दिवा बांधला, दात कोरायची बारीक हत्यारं मांडली, मला उताणं केलं आणि म्हणाला, "आ करा." शेजारी पेन्सिलचा आडवेवाला कंट्रोलर, तोही उघडा. मी पहिल्यांदाच शत्रूला आतून बघत होतो. मामाने दोघांची बिघडलेली एकेक दांडी बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवली आणि भिंगातून बघू लागला. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली. पुन्हा पहिली.

"मामा, यातली आपली कोणती?" भुंग्याने विचारलं.

"थांब जरा," मामा म्हणाला. कपाळाला आठ्या पडल्या. दोन्ही दांड्या हुबेहूब एकसारख्या. दोन्हींच्या बुडाशी चुरा साचलेला, तोही एकसारखा.

"आमच्यातही बिस्किटंच?" पेन्सिल म्हणाली.

"तुम्ही दोघं दात तरी घासता का रे?" मामा म्हणाला, आणि आई बाहेरच्या खोलीत येऊन खूप दिवसांनी मोठ्याने हसली. मामाचा मोबाईल मध्येच गुरगुरला. त्याने तो पालथा ठेवला. "तसं बघितलं तर त्यांचं डबडंच आहे," तो मिशीतल्या मिशीत पुटपुटला. मग ताईचे डोळे दिसले. "म्हणजे, चांगलं आहे. आपल्या जागी."

कोणती दांडी कोणात बसवली, हे मामालाही शेवटी सांगता आलं नाही. तेव्हा मी आता उभा आहे की आडवा, हे कृपा करून मला विचारू नका. मला कळत नाही. बारा आणे आमचा असेन, चार आणे त्यांचा, किंवा उलटंही. दुखत मात्र कुठेच नाही.

पेन्सिल खेळायला आली नव्हती, पण बिस्किटं खाऊन होईपर्यंत थांबली. पुढच्या वेळी थोडी जास्त थांबली. आता येते. वर्गात अजूनही दोन तट आहेत. भुंगा आणि पेन्सिल डब्याच्या सुट्टीत मधल्या बाकावर बसतात, आणि दोन्हीकडचे त्यांना चिडवतात.

मी म्हातारा झालोय, मित्रांनो. मामाच्या हत्यारांनीही मी कायमचा सरळ झालो नाही. काही दिवस बरे जातात, काही दिवस मान पुन्हा डावीकडे. एवढं मात्र सांगून ठेवतो. आपलं कोणतं आणि त्यांचं कोणतं यावर वाद घालायचा तर खुशाल घाला, पण जी वस्तू दुसऱ्याच्या हातात देणार आहात, ती आधी एकदा स्वतः धरून बघा. समोरचा 'गाडी डावीकडे जातेय' म्हणाला, तर तो कोणाकडचा आहे हे नंतर बघा. आधी गाडी बघा.

आईने नियम बदललाय. पेन्सिल येणार असली की भुंगा मला खणातून काढतो, मऊ कापडाने पुसतो आणि एकटाच एक फेरी मारून बघतो. गाडी सरळ गेली, तर मला सोफ्याच्या तिच्या टोकाला ठेवतो. डावीकडे गेली, तर तिच्या जागी पहिला ठेवतो आणि मला स्वतःकडे घेऊन, भिंतींवर आपटत, गुणगुणत बसतो.