विजेचे बाप आणि काळं रबर

कारखान्याच्या वीजखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालकांनी पहिल्या पॅनेलचं दार सताड उघडायला लावलं होतं. आत अकरा हजार व्होल्टच्या केबलच्या टोकाला काळ्या रबराचा कनेक्टर होता आणि त्यावर मालकांनी बोलावलेल्या महाराजांनी खुशाल उघडा पंजा ठेवला होता. वर जांभईही दिली.

"वीज माझी लेक. ती बापाला कशी चावेल?" महाराज म्हणाले. गर्दीने हात जोडले. एकाने तर केबललाच नमस्कार केला.

मी या कारखान्याची विद्युत अभियंता. अक्कल गहाण टाकलेली इतकी माणसं एका खोलीत मी प्रथमच पाहत होते. नव्या पॅनेलसाठी मी निवडलेले कनेक्टर मालकांनी रद्द केले होते. "स्वस्तातले घ्या, महाराज हात फिरवतील," म्हणे! मी नुसती चडफडले असते. पण माझा धाकटा भाऊ इथेच वायरमन आहे आणि तो बाह्या सरसावून पुढे आला होता.

"ताई, मला महाराजांनी अभय दिलंय. दुसऱ्या पॅनेलवर मी हात ठेवणार."

"आधी मला तपासू दे," म्हणत मी त्याला मागे ओढलं, हातमोजे चढवले आणि वीज तपासायची, वीज जाणवली की वाजणारी लांब काठी उचलली.

काठी महाराजांच्या कनेक्टरला टेकवली. ती गप्प.

"बघा, लेक शांत आहे," महाराज म्हणाले.

मग काठी दुसऱ्या पॅनेलकडे नेली. कनेक्टरला टेकण्याआधीच ती बोंबलू लागली. भावाने सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"लेक तीच, व्होल्टही तेवढेच. ठेवा हात," मी महाराजांना म्हटलं.

"आज तिचा मूड बरा नाही."

"मग माझ्या भावाला का पाठवत होता?"

महाराजांना एकाएकी तहान लागली. पाणी प्यायला बाहेर पडले ते थेट गाडीत बसले.

"पूर्वी महाराज कनेक्टरच विकायचे," मालक पुटपुटले. म्हणजे सारं ठाऊक असून हा लबाड महाराज माझ्या भावाला मरणाच्या दारात उभं करत होता.

गोम एवढीच होती. पहिल्या कनेक्टरच्या रबरावर वीजवाहक थर आहे आणि तो तारेने जमिनीला जोडलेला आहे. त्यामुळे धोका आतच कोंडला जातो. दुसरा दिसायला तसाच काळा, पण त्यावर हे कवच नाही. त्याच्यापासून लांबच राहायचं असतं.

"ताई, मग पहिल्यावर तू हात ठेवशील?" भावाने विचारलं.

"नाही. जमिनीची तार तुटली तर तोही जीव घेईल. आधी वीज बंद करायची, मग तपासायचं, जमिनीला जोडायचं आणि त्यानंतरच हात लावायचा."

मालकहो, कनेक्टर निवडताना व्होल्टेज बघा, केबलची जाडी बघा, कवच आहे की नाही ते बघा. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं तेज बघत बसू नका. विजेला भक्त कोण ते कळत नाही. माझा भाऊ आज जिवंत आहे तो कुणाच्या कृपेने नव्हे, आधी तपासलं म्हणून.