जिता माणूस

रविवारी सकाळी फायर ब्रिगेडचा फोन आला, तेव्हा करावे गावचा देवजी जेट्टीवर जाळं सांधत बसला होता. आईच्या अस्थी सोडायला आलेला एक जण शेवाळावरून घसरून खाडीत गेला होता. ओहोटीनं त्याला ओढून नेलं होतं.

देवजीनं जाळं बाजूला सारलं. गावातल्या चौघा-पाचांनी बचावाची होडी चालवायला घेतली, त्याला अकरा वर्षं झाली होती. पगार नाही की भत्ता नाही. एवढ्या वर्षांत देवजीनं जी माणसं वर काढली, ती सगळी मेलेली. सुरुवातीला त्याला झोप लागत नसे. आता लागायची.

त्या चौघा-पाचांतला मारोती इंजिनावर बसला. कोपरखैरण्याची सोनम पुढं उभी राहिली. ती बँकेत नोकरीला होती, सुट्टीच्या दिवशी होडीवर यायची. देवजीनं मढं गुंडाळायची चादर घेतली.

ओहोटी माणसाला कुठं नेऊन टाकते ते त्याला ठाऊक होतं. तासाभरानं तिवरांच्या वळणावर जाळ्याचा एक खुंट दिसला. त्याला मिठी मारून कुणीतरी छातीभर पाण्यात लटकलं होतं.

"काका, हलतोय तो," सोनम म्हणाली.

देवजी पाण्यात उतरला. सवयीनं त्यानं मागून काखेत हात घातले. अंग थरथरत होतं.

"सोड आता."

माणूस सोडेना. खुंटाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्याचे तळवे फाटले होते. देवजीनं एकेक बोट उकललं.

होडीत आल्यावर त्यानं आपलं नाव नामदेव सांगितलं. "कलश हातातून सुटला," तो म्हणाला. "मंत्र नाही, काही नाही. आईला तसंच सोडलं."

वर काढलेल्या माणसाशी देवजी कधी बोलला नव्हता. "पान्यातच सोडाची होती ना?" तो म्हणाला. "गेली मंग."

नामदेव रडायला लागला. सोनमनंही डोळे पुसले. देवजी पाण्याकडं बघत राहिला.

जेट्टीवर नामदेवची बायको देवजीच्या पाया पडली. लोकांनी फोटो काढले. आपल्याला आनंद होईल म्हणून देवजी थोडा वेळ थांबला. काही झालं नाही. तो घरी निघाला.

दारात त्याच्या बायकोनं, जाईबाईनं, बादली भरून ठेवली होती. मढं शिवून आल्यावर तो अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे.

"गावला?" तिनं विचारलं.

"जिता हाय."

ती दारातून बाजूला झाली. "मंग घरान या ना."

"पानी काढलंस ना," देवजी म्हणाला, आणि तिथंच बसून त्यानं पहिला तांब्या डोक्यावर ओतला.